हाय शेरीफ व्हायचंय, पण त्याची नोकरी नसते

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं आणि खरं सांगू, असा प्रश्न मला पहिल्यांदाच आलाय. मुलगी सतरा वर्षांची, ए-लेव्हल (आपल्या अकरावी-बारावीसारखं) करतेय, तुम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरशायर काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) राहता, शाळेच्या बक्षीस समारंभाला काळा मखमली कोट, लेस आणि तलवार अशा थाटात हाय शेरीफ, म्हणजे काउंटीतले राजाचे मानाचे प्रतिनिधी, आले आणि तेव्हापासून हिच्या डोक्यात तेच. तर लॉ घ्यायचं का पोलिसात जायचं, आणि पगार किती, असं तुम्ही विचारलंय.

पगार आधी सांगतो, शून्य. वर्षभराचं पद, सरकारी पैसा नाही, येणं-जाणं, कार्यक्रम, सगळं स्वतःच्या खिशातून. परीक्षा नाही की भरती नाही. काउंटीतली जाणती मंडळी नावं सुचवतात, १२ नोव्हेंबरला लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये बहुतेक काउंट्यांची तीन-तीन नावं वाचली जातात, आणि मग मार्चच्या सुमारास राजेसाहेब प्रिव्ही कौन्सिलच्या (त्यांच्या सल्लागार मंडळाच्या) बैठकीत चर्मपत्रावरच्या नावापुढे चक्क दाभणाने भोक पाडतात, झाली नेमणूक. एप्रिलमध्ये शपथ.

आणि गंमत म्हणजे १८८७ च्या शेरीफ्स ॲक्टनुसार ज्यांना हे पद चालत नाही त्यांच्यात खासदार आणि पूर्णवेळ न्यायाधीशांबरोबर प्रॅक्टिस करणारे वकीलही येतात. म्हणजे शेरीफ व्हायचंय म्हणून लॉ, हे गणितच उलटं!

पूर्वी कर गोळा करणं, गुन्हेगार पकडणं, कोर्टाची वसुली, सगळं शेरीफच करायचा. हळूहळू सगळं गेलं, हायकोर्टाच्या हुकमांची वसुलीसुद्धा २००४ पासून वेगळे एन्फोर्समेंट ऑफिसर करतात. आता हाताखाली एक शिपाईही नसतो. संसदेच्या निवडणुकीत काउंटीच्या मतदारसंघांचे रिटर्निंग ऑफिसर (निवडणूक अधिकारी) कागदावर तेच, पण मोजणीचं खरं काम काउन्सिलचे अधिकारी करतात, शेरीफनी फार तर निकाल वाचायचा. मग उरलं काय? दौऱ्यावर आलेल्या हायकोर्ट जज्जांची विचारपूस, राजघराण्याच्या भेटींना हजेरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे पोलीस, तुरुंग, प्रोबेशन (शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर देखरेख करून त्यांना सावरणारं खातं), मुलांना गुन्ह्यापासून लांब ठेवणाऱ्या छोट्या संस्था, यांच्याकडे जाऊन बसायचं, ऐकायचं, बक्षिसं द्यायची, देणगीदारांशी गाठ घालून द्यायची. अधिकार काही नाही, पण शेरीफ बोलावतात म्हटल्यावर लोक येतात.

आपल्या मुंबईच्या शेरीफसारखंच का, हेही विचारलंत. बऱ्यापैकी हो. नगरपालही एका वर्षासाठी, मानाचाच, फक्त नेमणूक राज्यपाल करतात. दिलीपकुमार, सुनील गावसकर नगरपाल होते, पण त्यांचं करिअर काय होतं ते सांगायला नको. इंग्लंडमध्येही तसंच, आधी आयुष्यभर काहीतरी उभं केलेलं असतं, मग हे वर्ष मिळालं तर मिळतं. (सिरीजमध्ये दिसतो तो अमेरिकेतला शेरीफ, तो निवडून येतो आणि खरी पोलिसगिरी करतो. स्कॉटलंडचा शेरीफ तर पगारी न्यायाधीश, त्याला किमान दहा वर्षांची वकिली लागते.)

तेव्हा लेकीला एवढंच विचारा, तिला नेमकं काय आवडलं? तलवार आवडली असेल तर काही बिघडत नाही, सतराव्या वर्षी मलाही आवडली असती. पण तुम्हीच लिहिलंय की भाषणातला तुरुंगातून सुटलेल्या मुलांबद्दलचा भाग ती घरी येऊन तासभर सांगत होती. मग माझ्या मते तिचा रस्ता प्रोबेशनकडे जातो. क्रिमिनॉलॉजी, सायकॉलॉजी किंवा सोशल वर्क घेऊ दे, पुढे प्रोबेशन ऑफिसरचं ट्रेनिंग पगारी असतं. अठरा झाली की स्पेशल कॉन्स्टेबल म्हणून विनापगारी पोलिसात काम करून बघता येतं, मॅजिस्ट्रेटसाठीही (तिथे हे काम सामान्य नागरिक विनापगारी करतात) अठराच लागतात, पण त्याची घाई नको. कोर्टाची पब्लिक गॅलरी फुकट असते, सुट्टीत लेस्टर क्राउन कोर्टात दोन-तीन दिवस नुसतं बसू दे. कंटाळली तर मला पुन्हा लिहा, दुसरं काहीतरी बघू.