स्वीनी टॉड कुठून ऐकायला सुरुवात करावी
हे बघ, स्वीनी टॉड म्हणजे सूडाने पेटलेल्या न्हाव्याचं ब्रॉडवे म्युझिकल (संगीत नाटक), त्याच्या रेकॉर्डिंगपैकी आधी १९७९चंच घे, लेन कॅरियू (टॉडच्या भूमिकेत) आणि अँजेला लॅन्सबरीचं, आणि घाई न करता सलग ऐक कारण जोनाथन ट्युनिकचं ऑर्केस्ट्रेशन (कुठलं वाद्य काय वाजवणार याची मांडणी) कानात बसलं की मगच पुढच्या रिव्हायव्हलमध्ये, म्हणजे नाटक नव्याने बसवलं तेव्हा, नेमकं काय बदललंय ते कळतं. मग २००५चं. त्यात दिग्दर्शक जॉन डॉयलने वेगळा ऑर्केस्ट्राच ठेवला नाही, नटच वाद्यं वाजवतात, पॅटी लुपोन चक्क ट्युबा (भलंमोठं पितळी फुंकवाद्य) वाजवते! आवाज विरळ होतो पण भीती जास्त वाटते, मला तरी. २०२३चं जोश ग्रोबनवालं पुन्हा मोठ्या ऑर्केस्ट्राचं, गळा सुरेख, पण माझ्या मते टॉडचा राग कॅरियूच्याच आवाजात आहे. हेडफोन मात्र लाव.