सुंगटांची सालं जखमेवर वाटून लावू का?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. बाबांना शुगर आहे, चवथीच्या आधी नवीन चप्पल लागून अंगठ्याजवळ जखम झाली ती भरेचना. शेवटी म्हापशाला एका डॉक्टरांनी ओल्या कागदासारखं काहीतरी लावलं, सिस्टरनी ते पाकिटातून काढून आधी सलाइनमध्ये धुतलं, स्पिरिटसारखा वास येत होता. नंतर कळलं ते जनावरापासून करतात, तेव्हापासून आई अस्वस्थ आहे. त्यात भावाने व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवलाय की कोळंबीच्या सालांनी जखम भरते. सुंगटांची सालं आमच्याकडे रोजच पडतात, वाटून लावली तर चालतील?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, आधी सालांचं, कारण ते वाचूनच मला धडकी भरली. लावू नका. व्हिडिओ अर्धा खरा आहे हीच पंचाईत. सालात कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो, जखमेला उपयोगी कायटोसॅन त्यापासूनच करतात, पण तो चुना आणि प्रोटीनमध्ये घट्ट अडकलेला, म्हणून कारखान्यात सालं आधी ॲसिडमध्ये टाकतात (बुडबुडे येतात, चुना निघतो), मग कॉस्टिक सोड्याने प्रोटीन काढतात, मग आणखी कडक कॉस्टिकमध्ये तापवतात तेव्हा कुठे त्याचं कायटोसॅन होतं. त्यावर पॉझिटिव्ह चार्ज, रक्ताच्या पेशींवर निगेटिव्ह, म्हणून त्या त्याला चिकटतात नि रक्त थांबतं, अमेरिकन सैन्याने कायटोसॅनच्या पट्ट्या लढाईत वापरल्यात. तुमच्या मिक्सरमधून मात्र कचकच आणि जंतू येणार, तेही शुगरच्या पायावर!

बाबांना लावलं ते वर्णनावरून कोलॅजन नावाचं प्रोटीन वाटतं. आपल्या कातडीत, हाडात तेच असतं. परसात दोडक्याला मांडव घालता ना, वेल काही मांडवातून उगवत नाही, पण मांडव नसला तर जमिनीवर लोळतो. तशा पेशी या जाळीवरून पुढे सरकतात, फरक एवढाच की शरीर हा मांडव हळूहळू खाऊन टाकतं आणि स्वतःचं कोलॅजन विणतं. म्हणून पट्टी सुकून चिकटली तर घरी ओढून काढू नका, सोबत नवी कातडी येईल.

आईंचा प्रश्न रास्त आहे, लावायच्या आधीच सांगायला हवं होतं. हे कोलॅजन पुष्कळदा गुरांचं असतं, १९८१ मध्ये अमेरिकेत बर्क आणि यानास यांनी भाजलेल्यांसाठी कृत्रिम त्वचा केली तीही गुरांचं कोलॅजन आणि शार्कच्या कूर्चेतला एक पदार्थ मिसळून. माशांचंही मिळतं, ब्राझीलमध्ये तर तिलापियाची अख्खी कातडी निर्जंतुक करून भाजलेल्यांना लावतात. जनावर नकोच असेल तर समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटच्या पट्ट्या आहेत, पण त्या मुख्यतः पाणी सुटणाऱ्या जखमेला, कोरड्या जखमेला नाहीत. पुढच्या ड्रेसिंगला पाकिटावर काय लिहिलंय ते विचारा. आणि कोळंबीची ॲलर्जी असेल तर तेही सांगा, कायटोसॅन तिच्या सालांचंच असतं.

पण कुठलीही पट्टी लावा, शुगर चढलेली आणि बाबा त्याच पायावर बाजाराला जाताहेत, मग काही उपयोग नाही. वास, पू, काळेपणा, ताप यातलं एकही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा.

सालं माडाच्या मुळात घाला.