दिल्लीत एकच दिवस असेल तर कोणती ऐतिहासिक स्थळं आणि कोणतं संग्रहालय पाहावं?

सकाळी कुतुब मिनार, दुपारी जनपथावरचं राष्ट्रीय संग्रहालय आणि उन्हं कलताना हुमायूनची कबर, एवढंच करा. पाहुण्यांना फिरवून फिरवून हाच क्रम पक्का झालाय: कुतुबहून पिवळ्या मेट्रोने थेट केंद्रीय सचिवालय गाठता येतं, तिथून संग्रहालय जवळ.

कुतुबला सगळे मान वर करून 73 मीटरचा मिनार बघतात आणि शेजारच्या लोहस्तंभाकडे दुर्लक्ष करतात. त्यावरचा ब्राह्मी लिपीतला संस्कृत लेख जरूर बघा. स्तंभ मिनाराहून कितीतरी जुना, गुप्तकाळातला आहे.

संग्रहालयात सगळं पाहायचा हट्ट नको, पाय मोडतील. हडप्पा दालन मात्र सोडू नका. मोहेंजोदडोत सापडलेली नर्तकीची ती कांस्यमूर्ती जेमतेम 10.5 सेंटीमीटरची आहे, शोधावीच लागते! डावा हात बांगड्यांनी गच्च भरलेला, उजवा कमरेवर, आणि चेहऱ्यावर अगदी बेफिकीर भाव.

हुमायूनच्या कबरीच्या आवारात शिरल्यावर उजवीकडे सूरी दरबारातला सरदार ईसा खान याची अष्टकोनी कबर लागते. ती मुख्य कबरीच्या साधारण 20 वर्षं आधीची. ती आधी पाहिली की पुढे बांधकाम किती बदललं ते कळतं.

फक्त सोमवार टाळा. त्या दिवशी राष्ट्रीय संग्रहालय बंद असतं, लाल किल्लाही. सोमवारच हाती असेल तर संग्रहालयाऐवजी पुराना किल्ला घ्या.