वाचनालयातले जुने कॉम्प्युटर सकाळी सुरूच होत नाहीत. दुरुस्तीवाला भंगारात द्या म्हणतो. काय करावं?

थांबा, भंगारवाल्याला एवढ्यात हाक मारू नका. तुम्ही लिहिलंय की एक पीसी सकाळी काळ्या पडद्यावर 'एफ१ दाबा' म्हणून अडून बसतो आणि दुसरा निळा पडदा दाखवून पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होतो. मी साताऱ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. आमच्या पेठेतल्या वाचनालयाचे दोन पीसीही सांभाळतो, पैसे न घेता. बदल्यात दिवाळी अंक सगळ्यांत आधी माझ्या घरी येतात.

आधी मला सांगा, रात्री कुलूप लावताना मेन स्विच पाडता ना? आमच्याकडचे शिपाईकाका न चुकता पाडतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. वळवाच्या विजा आणि लाइटचे झटके बघता पाडलाच पाहिजे. पण मेन चालू असताना मदरबोर्डला, म्हणजे पीसीच्या आतल्या मुख्य बोर्डाला, थोडी वीज मिळत राहते. ती तुटली की घड्याळ आणि बायोसची (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सेटिंग जपायचं काम बोर्डावरच्या रुपयाएवढ्या सेलवर येतं. घरातल्यापेक्षा वाचनालयातला सेल लवकर संपतो तो यामुळेच.

ओळखायचं कसं? पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. आमच्या पीसीवर रोज सकाळी १ जानेवारी २००९ उजाडायचं. एमपीएससीची पोरं फॉर्म भरायला बसली की तारीख चुकलेली म्हणून ब्राउझर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणायचा आणि सगळे नेटवाल्याला शिव्या घालायचे. सेल काढून मीटर लावला तर २.३ व्होल्ट. नवा सेल ३ च्या थोडा वरच दाखवतो. नंबर सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. पीसीची वायर प्लगमधून काढा, बाजूची क्लिप दाबली की सेल उडून येतो, नवा बसवताना अधिक खूण वर ठेवा. मग बायोसमध्ये जाऊन तारीख-वेळ लावा आणि सेव्ह करून बाहेर या. झालं.

आता तो निळा पडदा. माझ्या मते तोही याच सेलचा प्रताप असू शकतो, आणि बरेच दुरुस्तीवाले इथेच विंडोज नव्याने टाकून मोकळे होतात. सेल संपला की बायोस मूळ सेटिंगवर जातं आणि त्यात हार्ड डिस्कचा साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बदलू शकतो. आयडीई ही जुनी पद्धत, एएचसीआय ही नवी. विंडोज ७ आयडीई मोडवर टाकलेलं असेल आणि बायोस एएचसीआय धरून बसलं, तर विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. निळ्या पडद्यावर खाली आकडा असतो. त्याच्या शेवटी ७बी असेल तर बायोसमध्ये तो मोड उलटा करून बघा. आमचा दुसरा पीसी एवढ्यावरच उठून बसला. पूर्वीचं काहीच पुसलं गेलं नाही.

एखादा पीसी चालू होतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच, असं पावसाळ्यात झालं तर वायर प्लगमधून काढून रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढा. तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला खोडरबर हलक्या हाताने फिरवा, चुरा झटका आणि कट् आवाज येईपर्यंत परत दाबून बसवा. बटण दाबून काहीच हलत नसेल तर पॉवर सप्लाय बदलून बघायचा. तो उघडायचा मात्र नाही, वायर काढल्यावरही आत करंट राहतो. आणि हो, मागे कोणाचा पेन ड्राइव्ह अडकलाय का तेही बघा. हसू नका, 'बूट डिव्हाइस सापडत नाही' म्हणून मला दोनदा बोलावणं आलंय आणि दोन्ही वेळा पेन ड्राइव्हच निघाला.

भंगार केव्हा म्हणायचं? बोर्डावरच्या नळकांड्यासारख्या कपॅसिटरची डोकी फुगली असतील तर मी तरी त्यावर पैसे घालणार नाही. डिस्कमधून टक् टक् येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. तुमचं दाखल नोंदीचं रजिस्टर त्याच डिस्कवर असेल तर ती काढून दुसऱ्या पीसीला लावा आणि आधी ते उतरवून घ्या.

सेल बदलल्याची तारीख मी मार्करने कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लिहितो, तुम्हीही लिहा. निळ्या पडद्यावरचा आकडा ७बी नसेल तर मोबाईलवर फोटो काढून इथेच टाका, बघून सांगतो.