युद्धाची झळ सोसूनही खंबीर राहिलेली एखादी आई तुम्ही जवळून पाहिली आहे का?

हो, माझ्या सासूबाई. मी त्यांना 'मामा' म्हणायचे. पोलिश भाषेत मामा म्हणजे आई. बहुतेक आयुष्य इंग्लंडात गेलं, पण मुलीची बाई झाल्या त्या वळिवड्याला, माझ्या माहेरापासून चार-पाच मैलांवर. आमचं लग्न जुळलं तेही त्यामुळंच. लंडनला नोकरीला लागले तेव्हा मी कोल्हापूरची आहे हे ऐकून एक सहकारी मुद्दाम भेटायला आला आणि म्हणाला, "माझी आई पंचगंगेच्या काठावर वाढली."

मामांचं गाव तार्नोपोलजवळ, तेव्हाच्या पूर्व पोलंडमध्ये. सप्टेंबर १९३९ मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत फौजा देशात घुसल्या. १० फेब्रुवारी १९४० ला पहाटे यांच्या दारावर सोव्हिएत सैनिकांच्या बंदुकीचे दस्ते आदळले. सामान बांधायला अर्धा तास दिला. मामा अकरा वर्षांच्या, भाऊ तीन वर्षांचा. त्यांच्या आईनं पिठाची पिशवी, पिसांची रजई आणि शिलाई मशीनचा वरचा भाग, एवढंच उचललं. मालगाडीच्या डब्यातून कित्येक दिवस प्रवास करून त्यांना उत्तर रशियातल्या अर्खांगेल्स्कच्या जंगलात नेलं. तिथं लाकूडतोड. जेवढं काम तेवढाच पाव. रजई बटाट्यांच्या बदल्यात गेली. मशीन मात्र त्या आईनं विकलं नाही. रात्री आसपासच्या बायकांचे कपडे शिवून त्यावर पोरं जगवली.

१९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला, तेव्हा स्टालिनला पोलिश सैनिकांची गरज पडली आणि या लोकांची सुटका झाली. वडील जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्यात गेले. आई दोन मुलांना घेऊन सैन्यामागोमाग दक्षिणेला निघाली. ऑगस्ट १९४२ मध्ये कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणच्या पहलवी बंदरात उतरल्यावर सगळ्यांचे जुने कपडे जाळले, डोकी भादरली. उपाशी पोटांना एकदम मटण-भात मिळाला आणि तो न सोसून माणसं दगावली. या आईनं मुलांना चार दिवस चहा आणि भाजलेल्या पावाशिवाय काही दिलं नाही. भाऊ रडून रडून झोपायचा. तिचा तो निग्रह आठवला की मामा बोलता बोलता थांबायच्या.

तिथून कराची, आणि १९४३ मध्ये वळिवड्याची निर्वासित छावणी. सुमारे पाच हजार पोलिश माणसं, बहुतेक बायका-मुलं. चटयांच्या भिंतींच्या, कौलारू बराकी, शाळा, चर्च, दवाखाना, नाटकाचा रंगमंचसुद्धा. मामांना येणारा पहिला मराठी शब्द 'केवढ्याला?'. तो त्यांना शेवटपर्यंत येत होता, आणि अगदी कोल्हापुरी हेलात.

१९४५ मध्ये त्यांची आई छावणीतच क्षयानं गेली. तिला कोल्हापुरात पुरलं. त्याच वर्षी युद्ध संपलं, पण गाव सोव्हिएत युनियनमध्ये गेलं होतं, परतायला घर उरलं नव्हतं. वडील इटलीत मोन्ते कासिनोला लढून पुढं इंग्लंडला पोचले होते. १९४७ च्या शेवटी मामा भावाला घेऊन मुंबईहून बोटीनं त्यांच्याकडं गेल्या. भावानं वडिलांना ओळखलं नाही, बहिणीच्या मागं लपला. तिथं पुन्हा छावणीच, या वेळी पत्र्याच्या अर्धगोल खोल्यांची. मामा सूतगिरणीत लागल्या, भावाला शिकवलं, मग स्वतःचा संसार केला. आई त्या माझ्या नवऱ्याच्या आधी भावाच्या झाल्या होत्या.

त्यांना खंबीर म्हटलं की लोकांना वाटतं, भीती गेली असेल. ती गेली नव्हती. पहाटे दार कुणी जोरात वाजवलं तर त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरायचा. सत्तराव्या वर्षीसुद्धा! दूधवाला असो की पोस्टमन. पण दार त्याच उघडायच्या. मी उठले तर हातानंच मला मागं थांबवायच्या आणि स्वतः पुढं व्हायच्या. खंबीर हा शब्द मी त्यांच्यासाठी वापरते तो त्या चार पावलांमुळं.

१९८९ मध्ये आमचं लग्न कोल्हापूरला झालं. हळदीच्या आदल्या दिवशी त्यांनी माझ्या आईला दफनभूमीत नेलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पोलंडमध्ये १ नोव्हेंबरला कबरींवर दिवे लावतात, एवढं मी मध्ये सांगितलं. आईनं त्या वर्षी दिवाळी उरकल्यावर एक पणती तिथं नेली, आणि पाय चालत होते तोवर दरवर्षी नेली.

मामा २००९ मध्ये गेल्या. आता माझी वहिनी जाते. वारा असतो, म्हणून पणतीभोवती दोन विटा लावून ठेवते आणि मला फोनवर दाखवते.