गांधीजींच्या आधीच्या काँग्रेसने नेमकं काय मिळवलं?

पहिल्या वीस-बावीस वर्षांत काँग्रेसने अर्ज-विनंत्यांपलीकडे काहीच केलं नाही, हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. मला ते अजिबात पटत नाही. का, ते मिठाच्या करावरून सांगतो.

१८८८ साली सरकारने मिठावरचा कर मणामागे दोन रुपयांवरून अडीच रुपये केला. वाड्यात काय नि खोपटात काय, मीठ लागतं तेवढं लागतंच, त्यामुळे हा कर गरिबालाच जास्त डाचायचा. १८९० च्या कलकत्ता अधिवेशनात फर्ग्युसनचा २४ वर्षांचा एक प्राध्यापक या कराविरुद्ध बोलला. ते गोपाळ कृष्ण गोखले. पण मांडवातल्या भाषणाने कर उतरत नाही. सरकारला समोरासमोर विचारायला हवं होतं, आणि तिथे आत जायला वाटच नव्हती.

ती वाट काढणं हीच मला या मंडळींची सगळ्यात मोठी कामगिरी वाटते. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले (ठरलं होतं पुण्यात, कॉलऱ्यामुळे मुंबईला हलवलं). तिथल्या ९ ठरावांतच एक होता: कायदेमंडळं वाढवा, निवडलेले सभासद घ्या, अंदाजपत्रक तिथे मांडा, प्रश्न विचारू द्या. पुढेही ही मागणी त्यांनी सोडली नाही. ब्रिटिश पार्लमेंटचे चार्ल्स ब्रॅडलॉ १८८९ च्या मुंबई अधिवेशनाला आले आणि परत जाऊन त्यांनी या मागणीचं विधेयक तिथे मांडलं. १८९२ चा कायदा आला तो मात्र अर्धामुर्धा. अंदाजपत्रकावर बोला, पण मत देऊ नका. प्रश्न विचारा, पण उपप्रश्न नाही.

तेवढ्या फटीतून फिरोजशहा मेहता, टिळक, गोखले आत गेले. २६ मार्च १९०२ रोजी गोखले व्हाइसरॉयच्या कौन्सिलात, म्हणजे देशाच्या कायदेमंडळात, अंदाजपत्रकावर बोलले. तिजोरीत कोट्यवधींची शिल्लक होती आणि सरकार ती भरभराटीची खूण मानत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे घेऊन दाखवलं, की पौंडासमोर रुपया घसरत असताना वाढवलेले कर (मिठाचाही त्यात आला) तो सावरल्यावरही तसेच ठेवलेत, म्हणून ही शिल्लक दिसते. बाहेर दुष्काळ आणि प्लेगने माणसं मरत होती.

मिठाचा कर १९०३ मध्ये दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड, १९०७ मध्ये एक. एकट्या त्या भाषणाने हे झालं असं मी म्हणणार नाही. पण १८८५ चा ठराव, १८९२ चा कायदा आणि हा उतरलेला कर यांची साखळी मला स्पष्ट दिसते.

सगळंच साधलं असंही नाही. सनदी सेवेची परीक्षा भारतातही घ्यावी, असा ठराव १८९३ मध्ये खुद्द हाउस ऑफ कॉमन्सने केला, तो तसाच पडून राहिला. लष्करी खर्चाला तर हातही लावता आला नाही. आणि त्या अधिवेशनांत वकील, संपादक, शिक्षकच भरलेले असायचे. अडीच रुपयांचा भार ज्याच्या ताटापर्यंत पोचत होता, तो शेतकरी मांडवात यायला अजून बरीच वर्षं जायची होती.