वाचकांचे प्रश्न : जुन्या मोटरबोटीचा स्टर्न ड्राइव्ह

प्रश्न : आमच्या १९९४ सालच्या बोटीला मर्क्रुझर अल्फा वन, जनरेशन टू स्टर्न ड्राइव्ह आहे (इंजिन बोटीत, गिअर आणि पंखा मागे बाहेर). गेल्या हंगामापासून बोट वळवली की मागून घरघर येते. यंदा ड्राइव्हचं ऑइल काढलं, तर ते दुधाळ चहासारखं निघालं. मिस्त्री म्हणतो, ड्राइव्हच नवा टाका. टाकावा का?
– एक वाचक, मांडवा

उत्तर : एवढ्यात नको. पाणी कुठून शिरलं हे कळल्याशिवाय नवा ड्राइव्ह बसवलात, तर त्याचीही तीच गत होईल. शिवाय तुमच्या बोटीत बिघाड एक नसून बहुधा दोन आहेत आणि त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत.

आधी घरघर. सरळ जाताना आवाज नाही, वळताना येतो, म्हणजे संशय गिंबल बेअरिंगवर. इंजिनकडून ड्राइव्हकडे जाणाऱ्या शाफ्टला आधार देणारं हे बेअरिंग बोटीच्या मागच्या फळीत बसतं आणि यू-जॉइंटवरच्या (शाफ्टच्या वळणाऱ्या सांध्यांवरच्या) घडीदार रबरी नळीमुळे, म्हणजे बेलोमुळे, कोरडं राहतं. बेलोच्या घडीत चीर पडली की खारं पाणी आत साचतं. मग बेअरिंग आणि दोन्ही यू-जॉइंट गंजतात. त्याच वाटेने पाणी बोटीतही येतं, म्हणून हा आवाज घेऊन आणखी एक फेरी मारू नका.

बोट किनाऱ्यावर घ्या. ड्राइव्ह सरळ ठेवा, गिअर पुढच्या बाजूला टाका (अल्फामध्ये हे विसरलं तर शिफ्टची जोडणी सुटत नाही), ऑइल काढा, ट्रिम सिलिंडर (ड्राइव्ह वर-खाली करणारे) मागच्या टोकाकडून सोडवा. ड्राइव्ह चेनपुलीला टांगूनच सहा नट काढा आणि तो सरळ मागे ओढा. बेलोत तांबूस पाणी किंवा गंजाचा चिखल दिसला, तर निदान पक्कं. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली तर बदला. यू-जॉइंटचा एकच क्रॉस अडखळत असला, तरी दोन्ही बदला.

जुनं बेअरिंग स्लाइड हॅमरच्या पुलरने ओढून काढतात. नवं ठोकताना त्याच्याभोवतीच्या रिंगची फट ग्रीसच्या छिद्रासमोर यायला हवी, नाहीतर बाहेरून कितीही ग्रीस मारलं तरी आत पोचत नाही. बेलो तीन असतात : यू-जॉइंटचा, एक्झॉस्टचा आणि शिफ्ट केबलचा. तिन्ही एकदमच बदला. यू-जॉइंटच्या बेलोची बैठक जुना गोंद खरवडून स्वच्छ करा, बेलोचाच ॲडहेसिव्ह लावा, तो चिकट होऊ द्या, मगच बेलो चढवा. क्लॅम्प स्टेनलेसचेच.

यानंतरची पायरी सर्वांत जास्त वगळली जाते : इंजिनचं अलाइनमेंट, म्हणजे इंजिन आणि बेअरिंग एका रेषेत आणणं. अलाइनमेंट बार (त्यासाठीचा सरळ दांडा) ग्रीस लावून बेअरिंगमधून इंजिनच्या कपलरमध्ये, म्हणजे शाफ्ट जिथे इंजिनला जोडला जातो त्या भागात, घाला. दोन बोटांच्या जोरावर तो आत-बाहेर सरकला पाहिजे. अडला, तर इंजिनचे पुढचे माउंट दोन्ही बाजूंनी सारखेच वर-खाली करा आणि पुन्हा बघा. जुन्या बोटीत माउंटखालचं लाकूड बसलेलं असतं, त्यामुळे फरक हमखास निघतो. तो तसाच ठेवला की कपलरचे दाते झिजतात आणि नवं बेअरिंगही लवकर जातं.

आता दुधाळ ऑइल. ते ड्राइव्हच्या बंद घरात असतं, म्हणजे पाणी सीलमधून आलं. ऑइल काढलेल्या ड्राइव्हमध्ये हवा भरा, आधी ३–४ पीएसआय, मग १०–१२. पाच मिनिटं काटा हलता कामा नये. हलला, तर सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फवारा आणि शाफ्ट हाताने फिरवत बुडबुडे शोधा. आपल्या किनाऱ्यावर पहिला संशय पंख्याच्या (प्रॉपेलरच्या) शाफ्टच्या सीलवर घ्यावा, कारण जाळ्याचा नायलॉनचा धागा पंख्यामागे गुंडाळला जाऊन सील कापतो. सील काढल्यावर शाफ्टवर नख फिरवा. खाचेत नख अडकलं, तर नवं सीलही गळणार. शाफ्टचंच काम करावं लागेल. हवेचा दाब टिकला तरी व्हॅक्यूम लावूनही तपासा, कारण काही सील एकाच दिशेने गळतात.

ऑइलच्या तळच्या स्क्रूवर करड्या रंगाचा बारीक लेप चालतो. धातूचे तुकडे निघाले, गिअरच्या दातांवर खड्डे किंवा बेअरिंगवर गंज दिसला, तर मात्र मिस्त्रीचं म्हणणं विचारात घ्या आणि दुरुस्ती व नवा ड्राइव्ह यांच्या खर्चाची तुलना करा.

ड्राइव्हचा खालचा भाग सोडवलात, तर पाण्याच्या पंपाचं इम्पेलर (पात्यांचं रबरी चाक) बदला. जुन्याचं एखादं पातं तुटलेलं असेल, तर तो तुकडा शोधून काढा. तो पाण्याच्या वाटेत अडकला की इंजिन तापतं.

ड्राइव्ह बसवताना सहा नट समोरासमोरचे आळीपाळीने, ६८ न्यूटन-मीटरपर्यंत. ऑइल नेहमी खालच्या छिद्रातून भरा, म्हणजे हवा वरून निघून जाते. बोटीतल्या ड्राइव्ह ऑइलच्या बाटलीसकट सुमारे १.९ लिटर लागतं. वरचा स्क्रू आधी लावा, मग पंप काढून खालचा. दोन्हींना वॉशर नवे. पहिल्या फेरीनंतर ऑइलचा रंग पुन्हा बघा. पावसाळ्यात बोट शाकारताना ड्राइव्ह खाली सोडूनच ठेवा. वर उचलून ठेवला की बेलो दुमडलेल्या अवस्थेत कडक होतात आणि घडीतच फाटतात.

प्रश्न : गिअर न्यूट्रलला आणताना इंजिन बंद पडतं. मिस्त्रीने आयडल (इंजिनचा रिकामा वेग) वाढवून दिलं, पण आता गिअर टाकताना जोरात आदळतो. ड्राइव्ह अल्फाच.
– एक वाचक, पणजी

उत्तर : आयडल लगेच पूर्ववत करा, त्या आदळण्याने गिअरचे एकमेकांत अडकणारे दाते झिजतात. अल्फामध्ये गिअर सुटावा म्हणून एक स्विच क्षणभर इग्निशन तोडतो. ड्राइव्हकडे जाणारी खालची शिफ्ट केबल जड झाली, तर स्विच दाबलेलाच राहतो आणि इंजिन विझतं. इंजिन बंद ठेवून शिफ्टच्या पट्टीवरून केबल सोडवा आणि हाताने सरकवून पाहा, मदतनीसाला पंखा हाताने फिरवत ठेवायला सांगून. जड लागली तर तेल टाकत बसू नका. केबल बदला, तिचा बेलोही बदला आणि लांबी नव्याने जुळवा.

प्रश्न : इंजिनचा वेग चढतो, बोट मात्र पुढे जात नाही. गिअरबॉक्स गेला का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : आधी पंख्याचा रबरी हब (मधला, शाफ्टवर बसणारा भाग) तपासा. हबच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावर एक सलग रेघ रंगवा आणि थोडं जोर देऊन चालवा. रेघ तुटून सरकली, तर हब घसरतोय. तो बदलणं स्वस्त आहे. रेघ जागेवर राहिली आणि इंजिनच्या मागे जळक्या रबराचा वास आला, तर कपलर गेला. त्यासाठी ड्राइव्ह काढून इंजिन पुढे सरकवावं लागतं. तेवढं उघडलंच आहे, तर वर सांगितलेलं अलाइनमेंटही तपासून घ्या. कपलर बहुतेकदा त्याच्यामुळेच जातो.